वाचनाचा पेपर आणि घरातले शब्द

नवीन पनवेलमध्ये घरीच मी आयेल्ट्सच्या अॅकॅडेमिक वाचनाची तयारी करून घेते. बाहेरच्या खोलीत एका वेळी चार-सहा जण बसतात. कामोठ्याहून नाइट ड्यूटी संपवून आलेल्या सिस्टर असतात, तळोजा एमआयडीसीतल्या प्रयोगशाळांत काम करणारे बी.एस्सी. झालेले मुलगे असतात, उलवे-करंजाडेकडची नुकती इंजिनिअर झालेली मुलं असतात. बहुतेकांची दहावी मराठी माध्यमातून झालेली. माझीही तशीच, आणि ही परीक्षा मीही दिलेली आहे. पहिल्या दिवशीचा प्रश्न ठरलेला असतो: "ताई, किती शब्द पाठ करायचे?" एक आकडा सांगून हा प्रश्न मिटत नाही. इतक्या जणांबरोबर उतारे सोडवताना मला जे पटत गेलं, ते इथे लिहिते.

१. आधी पेपर बघा, मग शब्द

साठ मिनिटं, तीन उतारे, चाळीस प्रश्न. तिन्ही उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द होतात. उत्तरं उतरवून घ्यायला वेगळा वेळ मिळत नाही. उतारे पुस्तकं, मासिकं, नियतकालिकं आणि वर्तमानपत्रं यांतून घेतलेले असतात. विषय अभ्यासाचे, पण लिहिणं त्या विषयाबाहेरच्या वाचकालाही कळेल असं. चाळीसपैकी साधारण २३ उत्तरं बरोबर आली की ६ बँड मिळतो, ३० आली की ७. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला वाचनात ७ लागतो, म्हणून माझ्याकडच्या सिस्टरांची सगळी लढाई त्या मधल्या सात उत्तरांसाठी असते.

या चाळीस प्रश्नांत 'अमुक शब्दाचा अर्थ लिहा' असा प्रश्न नसतो. उताऱ्यात एक गोष्ट एका शब्दांत सांगितलेली असते, प्रश्नात तीच दुसऱ्या शब्दांत येते. उताऱ्यात असतं 'यील्ड्स डिक्लाइन्ड शार्पली', प्रश्नात येतं 'प्रॉडक्शन फेल स्टीपली'. दोन्ही एकच आहेत हे झटक्यात दिसलं की गुण मिळाला. सुटा शब्द पाठ असून इथे भागत नाही, त्याचा गोतावळा माहीत हवा: डिक्लाइनबरोबर फॉल, ड्रॉप, श्रिंक, डिमिनिश.

त्यामुळे सरावाचा प्रत्येक पेपर तपासून झाला की मी एक काम करून घेते. प्रश्नातला शब्द डाव्या बाजूला, उताऱ्यातला त्याचा जोडीदार उजव्या बाजूला, असं लिहून काढायचं. एका पेपरमधून भरपूर जोड्या निघतात. अशी वही भरत गेली की पुढच्या पेपरात त्याच जोड्या परत परत समोर येतात. विकतच्या कुठल्याही यादीपेक्षा मी या वहीला जास्त मानते, कारण तिच्यातले शब्द परीक्षेनेच निवडलेले असतात.

२. लांबलचक शब्दाला घाबरू नका, बारीक शब्द सांभाळा

नवख्याची नजर उताऱ्यातल्या सगळ्यात मोठ्या शब्दावर जाऊन अडकते. खारफुटीवरचा उतारा घ्या. त्यात 'न्युमॅटोफोर' हा शब्द आला की खोलीतल्या सगळ्यांची पेन्सिल थांबते. पण असा शब्द वापरणारा लेखक पुढेच स्वल्पविराम देऊन सांगतो की ही चिखलातून वर आलेली, झाडाला हवा पुरवणारी मुळं. हार्बर लाइनने रोज वाशीचा खाडीपूल ओलांडणाऱ्यांची तर खारफुटीशी कधीचीच ओळख असते, ओहोटीला चिखल उघडा पडलेलाही त्यांनी पाहिलेला असतो. शास्त्रातला शब्द लेखकाने उलगडला नसेल तर पेपरवाले उताऱ्याखाली त्याचा अर्थ देतात. त्या शब्दाचं ज्ञान त्यांना तपासायचं नसतंच.

गुण जातात ते लहान शब्दांवर. त्याच उताऱ्यात समजा वाक्य आहे: 'फ्यू ऑफ द सॅपलिंग्ज सर्व्हाइव्ह्ड द फर्स्ट मॉन्सून.' खाली विधान आहे की बहुतेक रोपं पहिल्या पावसाळ्यात जगली. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन? 'फ्यू' म्हणजे 'काही' असं धरून चाललेला मुलगा म्हणतो, काही जगली एवढंच दिलंय, बहुतेक जगली का ते दिलेलं नाही, म्हणून नॉट गिव्हन. त्याचा तर्क अगदी सरळ आहे. पण नुसतं 'फ्यू' म्हणजे अगदीच थोडी, जवळजवळ नाहीतच. 'काही' म्हणायचं असेल तर आधी 'अ' लागतो. उत्तर फॉल्स. एवढ्याशा 'अ'वर एक गुण गेला, आणि सातवा बँड असाच एकेका गुणाने हातचा जातो.

हार्डली, बेअर्ली, अनलेस, व्हेअरअॅज, देअरबाय, नॉनदलेस, रादर दॅन, टेंड टू, ओन्ली, मोस्ट, सम: या शब्दांची कार्डं मी सगळ्यांत आधी करायला सांगते. यांच्यासमोर मराठी लिहिताना शब्दकोशातला अर्थ उतरवू नका, आपण बोलताना जे म्हणतो ते लिहा: 'तरीसुद्धा', 'उलट', 'असं झालं नाही तर', 'क्वचितच', 'त्यामुळे आपोआप'. वर्तमानपत्रातला अग्रलेख रोज वाचणाऱ्या मुलांना हे शब्द लवकर जमतात, असं मी वारंवार पाहिलं आहे. 'मात्र', 'तथापि', 'किंबहुना', 'पर्यायाने' यांवर वाक्य कसं वळतं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

३. यादी घ्यायचीच असेल तर ही घ्या

पुस्तकांच्या दुकानांत जाडजूड शब्दसंग्रह मिळतात. त्यांतले बरेच शब्द अमेरिकेतल्या जीआरईसाठी जमवलेले असतात आणि इथे वाचनाच्या पेपरात फारसे भेटत नाहीत. त्यांवर महिने घालवलेली मुलं पाहून मला फार वाईट वाटतं. मेहनत खरी असते, दिशा दुसऱ्याच परीक्षेची.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांतलं सुमारे ३५ लाख शब्दांचं लेखन तपासून 'अॅकॅडेमिक वर्ड लिस्ट' तयार केली. ती २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत, वापराच्या क्रमाने दहा भागांत लावलेली. अभ्यासाच्या लेखनातले शंभरातले साधारण दहा शब्द या यादीतले असतात. पहिल्याच भागात अस्यूम, कॉन्स्टिट्यूट, डिराइव्ह, एस्टिमेट, इंडिकेट, इन्व्हॉल्व्ह, व्हेरी असे शब्द आहेत. एकही शब्द भारी वाटत नाही, आणि एकही टाळता येत नाही.

ही यादी एका जुन्या यादीच्या पुढे सुरू होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मायकल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या नेहमीच्या सुमारे दोन हजार शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' काढली. ते दोन हजार येतात असं धरून कॉक्सहेड यांनी पुढचे शब्द घेतले. हे वेस्ट ब्रिटिश काळात ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्याआधी इंग्रजी वाचता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पाठ्यपुस्तकात नवे शब्द एकदम कोंबू नयेत, थोडे थोडे आणावेत आणि परत परत भेटवावेत, या तत्त्वावर त्यांनी वाचनमालाही लिहिली. आपल्याच उपखंडातल्या वर्गांत बसून काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि मला तो आजही जसाच्या तसा पटतो.

म्हणून आधी त्या दोन हजारांत भोकं कुठे आहेत ते पाहा. मराठी माध्यमातल्या मुलाला 'फोटोसिंथेसिस' येतो आणि 'स्केअर्स' अडतो, हे नेहमीचं आहे. ही भोकं बुजवायला फार दिवस लागत नाहीत, मात्र लाज बाजूला ठेवून यादीतल्या पहिल्या शब्दापासून बसावं लागतं.

४. घरातल्या आणि कामावरच्या कागदांत शब्द आहेत, ते उचला

हे मला सगळ्यांत मनापासून सांगायचं आहे.

पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांनी नव्या मुंबईसाठी जमिनी दिल्या. सिडको १९७० साली स्थापन झाली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई-दास्तानफाट्याला आंदोलन झालं, त्यात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. पुढे विमानतळाच्या जमिनींसाठी साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं. इथल्या प्रकल्पग्रस्त घरांत हे आकडे लहान मुलांनाही ठाऊक असतात.

अशाच एका घरातला मुलगा माझ्याकडे येत होता. धरणामुळे उठलेल्या गावांवरचा उतारा समोर होता आणि पहिल्या परिच्छेदातच त्याने पेन खाली ठेवलं. मी त्याला म्हटलं, घरी जमिनीची फाइल असेल ना, ती घेऊन ये. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकची निळी फाइल घेऊन आला. आत सातबारा, अधिसूचनेची झेरॉक्स, निवाड्याची प्रत, भूखंड वाटपाचं पत्र, काही मराठीत, काही इंग्रजीत, कोपरे मऊ पडलेले. आम्ही पेन्सिलीने खुणा करत गेलो. संपादन म्हणजे अॅक्विझिशन, मोबदला म्हणजे कॉम्पेन्सेशन, अधिसूचना म्हणजे नोटिफिकेशन, वाटप म्हणजे अलॉटमेंट. 'अॅवॉर्ड' या शब्दावर तो थांबला. आजवर त्याने तो बक्षिसासाठीच ऐकला होता, आणि इथे तो आजोबांच्या नावापुढे निवाडा म्हणून छापलेला होता.

मग मी कॉक्सहेडची यादी उघडून दाखवली. अक्वायर, कॉम्पेन्सेट, अॅलोकेट, डिस्प्लेस, इन्फ्रास्ट्रक्चर हे पाचही शब्द तिच्यात आहेत. त्याच्या घरात या गोष्टींवर तीन पिढ्या बोलत आल्या आहेत, सभांना जात आल्या आहेत. धरणाचा तो उतारा त्याने त्या संध्याकाळी परत वाचला आणि लेखकाने विस्थापितांची बाजू कुठे कमी मांडली आहे, हेही मला दाखवलं. इतका नेमका वाचक मला क्वचित भेटला आहे.

तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कामावरचे कागद आठवायला लावते. सिस्टरांकडे केसपेपर असतात: अॅक्यूट, क्रॉनिक, ऑनसेट, ट्रान्समिट, अॅडमिनिस्टर. तळोजाच्या मुलांकडे प्रयोगशाळेचे रिपोर्ट आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानग्या असतात: रेसिड्यू, एमिशन, एफ्लुअंट, कॉन्सन्ट्रेशन, परमिसिबल लिमिट. कळंबोलीच्या पोलाद बाजारात वडिलांचा व्यवसाय असलेल्या मुलीने मला कन्साइनमेंट आणि टॅरिफ सहज समजावून सांगितलं. 'माझं इंग्रजी कच्चं आहे' असं म्हणत आत आलेली ही माणसं आहेत.

५. ओळखीचा शब्द दुसरा अर्थ घेऊन आला आहे का, ते पाहा

अनोळखी शब्दापुढे माणूस थांबतो तरी. ओळखीच्या शब्दापुढे तो थांबतच नाही, म्हणून तिथे धोका जास्त. प्लांट म्हटलं की तळोजाच्या मुलाला कारखाना दिसतो आणि उतारा असतो वनस्पतींवर. मायक्रोबायॉलॉजी शिकलेल्या मुलीला कल्चर म्हणजे बशीत वाढवलेले जिवाणू. उतारा असतो पॉलिनेशियातल्या समाजावर. साउंड म्हणजे आवाज, आणि 'साउंड एव्हिडन्स' म्हणजे भक्कम पुरावा. 'अकाउंट फॉर' कधी कारण सांगतो, तर कधी एकूणातला हिस्सा. 'सब्जेक्ट टू' आला की शाळेतला विषय विसरायचा.

या शब्दांसाठी वहीत एक वेगळं पान ठेवा. रोज नाही, पण आठवड्यातून एखादा असा शब्द सापडतोच.

६. विषय आधी मराठीत वाचा

काही जण मला यावर विरोध करतात. इंग्रजीची परीक्षा आहे, तर मराठी आता बंद, असा सल्ला त्यांना कोणीतरी दिलेला असतो. मला तो पूर्ण चुकीचा वाटतो.

दहावीपर्यंत बालभारतीच्या पुस्तकांतून शिकलेल्या मुलाच्या डोक्यात परागीभवन, अनुकूलन, अन्नसाखळी, विदारण, भूजल, चलनवाढ या कल्पना पक्क्या बसलेल्या असतात. त्याला इंग्रजी नाव जोडायचं असतं, कल्पना नव्याने शिकायची नसते. दोन्ही एकदम शिकणाऱ्यापेक्षा त्याचं काम निम्मं आहे. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला, आता फोनवर फुकट वाचता येतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही आहेत, विषयवार आणि इंग्रजीकडून मराठीत नेणारे.

माझी पद्धत अशी. सरावाचा उतारा हिमनद्यांवर असेल, तर तो वेळ लावून सोडवून आणि तपासून झाल्यावर विश्वकोशातली हिमनदीची नोंद वाचायची. नंतर तोच इंग्रजी उतारा परत वाचायचा. दुसऱ्या वाचनात निम्मे अनोळखी शब्द आपोआप जागेवर बसतात, कारण लेखक कशाबद्दल बोलतोय ते आता दिसत असतं. विश्वकोशातल्या नोंदींची भाषा जड आहे अशी तक्रार येते. असू दे. जड गद्य शांतपणे वाचायची सवय इंग्रजी उताऱ्यातही उपयोगी पडते.

एक सावधगिरी मात्र पाळायला हवी. विषयाचं ज्ञान वाचायला मदत करतं, उत्तर द्यायला नाही. खारफुटीने पुराचं पाणी अडतं हे पनवेलकराला सांगावं लागत नाही, पण उताऱ्यात ते लिहिलेलं नसेल तर उत्तर नॉट गिव्हनच.

७. कार्डं आणि खोका

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत भराभर उडून जातं आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली की टिकतं. पुढे १९७० च्या दशकात सेबास्टियान लाइटनर यांनी यावरून कार्डांच्या खोक्याची युक्ती सांगितली. मोबाइलवरची 'अँकी'सारखी अॅप्स याच तत्त्वावर चालतात.

आमच्याकडे मिठाईचा रिकामा खोका असतो, पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून चार कप्पे केलेला. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. आठवलं की पुढच्या कप्प्यात, विसरलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. कार्डावर पुढे शब्द नाही लिहायचा, जिथे तो भेटला ते अख्खं वाक्य लिहायचं आणि शब्दाखाली रेघ मारायची. मागे मराठी अर्थ, त्या कुटुंबातले भाऊबंद (व्हेरी, व्हेरिएशन, व्हेरिएबल, इन्व्हेरिअबली) आणि त्याच्यासोबत नेहमी येणारा शब्द. 'रोल' असेल तर 'प्ले' हवाच.

पनवेलचा एक फायदा आहे, तो घ्या. गाडी इथून सुटते, त्यामुळे बसायला मिळतं. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासाच्या वर हातात असतो. आमच्यातली बेलापूरला कामाला जाणारी एक मुलगी खिशात मावतील एवढी कार्डं घेऊन निघते आणि उतरेपर्यंत तिचा पहिला कप्पा झालेला असतो.

८. अंदाज हाही अभ्यास आहे

पॉल नेशन हे शब्दसंग्रहावरचे मोठे अभ्यासक, तेही वेलिंग्टनचेच. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं तर उताऱ्यातले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे हवेत, असं त्यांचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन सांगतं. परीक्षेत इतकी चैन बहुतेकांना मिळत नाही. अडलेल्या शब्दाचा अंदाज बांधणं म्हणूनच शिकावं लागतं.

पहिल्या वाचनात शब्दकोश उघडायचा नाही, हा आमच्या खोलीचा नियम. वाक्यातल्या त्याच्या जागेवरून बघायचं, तो क्रिया सांगतोय, वस्तू सांगतोय की गुण. मग त्याच्या पुढे-मागे 'सच अॅज', 'ऑर', 'दॅट इज', कंस किंवा डॅश आहे का ते बघायचं. शेवटी, त्याची चव गोड आहे की कडू. 'डेट्रिमेंटल' माहीत नसला तरी आधीचं वाक्य मासे मेल्याचं सांगत असेल, तर तो वाईटच. एवढ्यावर बरेच प्रश्न सुटतात. उत्तरं लिहून झाली की मग शब्दकोश, आणि आपला अंदाज किती जवळ होता याची खूण समासात.

रोजच्या वाचनासाठी मजकूर निवडताना पानभर वाचून अडलेले शब्द मोजा. चार-सहा ओळींत एखादा अडत असेल तर तो मजकूर तुमच्यासाठी योग्य. ओळीत दोन-दोन अडत असतील तर तो बाजूला ठेवा आणि सोपा घ्या, त्यात कमीपणा नाही. 'डाउन टू अर्थ' हे पाक्षिक मी बहुतेकांना सांगते. पाणी, शेती, जंगल, हवा असे आपल्या देशातले विषय आणि उताऱ्यांच्या जवळ जाणारी भाषा. उलव्याची टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून विमानतळ झाला, त्याबद्दल इंग्रजीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. तेही शोधून वाचा. डायव्हर्शन, मिटिगेशन, रिक्लमेशन हे शब्द घराच्या गच्चीवरून दिसणाऱ्या जमिनीसकट लक्षात राहतात.

९. स्पेलिंग

रिकाम्या जागा भरताना शब्द उताऱ्यातूनच घ्यायचा असतो. तो तिथून अक्षर अक्षर बघून उतरवा. स्पेलिंग चुकलं की उत्तर चुकलं. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलेलं असताना तीन लिहिले तरी चुकलं. हायफनने जोडलेला शब्द एक धरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात.

१०. मोठ्याने वाचा, कोणाला तरी सांगा

ड्यूटी संपवून आलेल्या सिस्टरांचे डोळे मिटत असतात. अशा वेळी मी उतारा त्यांना मोठ्याने वाचायला लावते, एकेक परिच्छेद, आणि तो झाला की शेजारच्या मुलाला मराठीत सांगायला लावते. मथळे जुळवण्याच्या प्रश्नात हेच लागतं: या परिच्छेदात लेखकाने मुख्य काय म्हटलं? मराठीत एका वाक्यात जी ते सांगू शकते, ती मथळा बरोबर निवडते. जिला ते सांगता येत नाही, ती प्रत्येक शब्द माहीत असूनही परिच्छेदातल्या एखाद्या ठळक शब्दावरून चुकीचा मथळा उचलते. घरी आईला सांगितलंत तरी चालेल. मुंग्या एकमेकींना वाट कशी दाखवतात, हे ऐकायला कुठल्याही आईला आवडेल.

११. शेवटचा आठवडा

नवी कार्डं बंद. पहिल्या कप्प्यात जे उरलं असेल ते राहू द्या, तिसरा आणि चौथा कप्पा एकदा काढून बघा. बारीक शब्दांची कार्डं आणि जोड्यांची वही एवढंच हाताशी ठेवा. सलग साठ मिनिटं लावून पूर्ण पेपर सोडवा, शक्यतो तुमची परीक्षा ज्या वेळेला आहे त्याच वेळेला, आणि परीक्षा संगणकावर असेल तर संगणकावरच. प्रत्येक उताऱ्याला वीस मिनिटं धरा. तिसरा बहुधा सगळ्यांत कठीण असतो, तेव्हा पहिल्यातून चार-पाच मिनिटं वाचवता आली तर तिकडे द्या. रात्रपाळी असलेल्यांनी आदल्या दोन दिवसांची ड्यूटी बदलून घ्या, मेट्रनबाईंना आठवडाभर आधी सांगितलं की बहुधा जमतं. केंद्रावर पासपोर्ट लागतो, तो रात्रीच पिशवीत ठेवा.